फासळीवरचा धुरकट डाग

७ जानेवारी

बारके,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. अकरा वर्षांनी तुझं कार्ड आलं, तेही दोन ओळींचं. 'डॉक्टरांना जुना एक्स-रे हवा आहे, कारखान्यात लागताना तू काढलेला. असेल तर खालच्या पत्त्यावर पाठव.' ना दादा, ना खुशाली. विजेच्या बिलात याहून जास्त मजकूर असतो. असो. पत्ता दिलास हेच खूप झालं. फोन नंबर दिला नाहीस, त्यावरून समजायचं ते समजलो.

एक्स-रे सोबत पाठवतोय. बावीस वर्षांपूर्वीची फिल्म शोधायची म्हणजे काय ते तुला नाही कळायचं. दवाखान्याच्या रेकॉर्डच्या खोलीत दोन दुपारी घालवल्या, नाकातोंडात धूळ गेली, आणि आमची नवी रिसेप्शनिस्ट दारातून विचारते, काका, मांजर हरवलंय का? कोपऱ्यात शिशाच्या आकड्यांचा ठसा आहे बघ, ४१७. तो तुझा नंबर. खाली वाचणाऱ्या डॉक्टरांचा शेरा आहे, 'छाती व हाडे निर्दोष'. तुझ्या डॉक्टरांना तेवढं पुरेल.

कशाला हवाय ते काही लिहिलं नाहीस. पाठीचंच काहीतरी असणार, तुझं दुसरं काय असायचं.

आई बरी आहे. अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवते. तुझं कार्ड तिला दाखवलं नाही, उगाच बीपी वाढायचं. तुझं नाव निघालं की अजून एकच वाक्य म्हणते, 'धडधाकट पोरगी कामाला कंटाळून घर सोडून गेली.' मी गप्प बसतो.

मी मे महिन्यात निवृत्त होतोय. हेड टेक्निशियन म्हणून. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणणार, यांच्या हातून एक फिल्म कधी वाया गेली नाही. आतापासूनच म्हणतात.

कुरियरवाल्याला बजावलंय, पाकीट दुमडलंस तर याद राख.

तुझा दादा

१९ जानेवारी

बारके,

या वेळी तू पानभर लिहिलंस. आमची जुनी डार्करूम आता अडगळीची खोली झालीय, तिथे स्टुलावर बसून वाचलं. सहा वर्षांपूर्वी छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, परत आले, आणि हे मला आज कळतंय. रागच आला आधी. मग लक्षात आलं की रागवायचा अधिकार मी कधीच घालवून बसलोय. तुझ्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तुझं सगळं केलं म्हणतेस. त्यांना माझा नमस्कार सांग, किंवा नको सांगूस.

आता तुझ्या पत्रातलं मी समजलो ते असं. पाठीतला सातवा मणका आणि त्याला जोडलेली उजवी फासळी, दोन्ही हाडांच्या स्कॅनमध्ये लखलखली. सुई घालून तुकडा काढला, तर हाती नुसते तंतू आले, ठाम काही सांगता आलं नाही. मग डॉक्टरांनी माझी फिल्म उजेडावर धरली. तेव्हा हाड स्वच्छ, आज डाग. म्हणजे डाग नवा, आणि तुझी आधीची गाठ बघता तोच आजार हाडात उतरला असणार. दोन फेब्रुवारीपासून रेडिएशनच्या दहा बैठका.

'तुझा एक्स-रे उपयोगी पडला, आभारी आहे,' असं शेवटी लिहिलंस. ती ओळ मी तीनदा वाचली.

हे बघ, घाई करू नकोस. मी डॉक्टर नाही, पण तीस वर्षं लोकांची हाडं बघतोय. काही माणसांच्या एखाद्या हाडात लहानपणापासून हाडाच्या जागी दोऱ्यांसारखं मऊ काहीतरी भरत जातं. फायब्रस डिस्प्लेसिया म्हणतात. हाड फुगतं, एक्स-रेत ते घासलेल्या काचेसारखं धुरकट दिसतं, आणि स्कॅनमध्ये कॅन्सरसारखंच चमकतं. तो कॅन्सर नसतो. आईबापांकडून येत नाही, मुलांना जात नाही. मणक्यात फार कमी होतो, म्हणून पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. तू त्यांना एवढंच विचार, हे जुनं असू शकेल का? जाड सुईनं पुन्हा तुकडा काढा म्हणावं. मला हे कसं सुचलं ते विचारत बसू नकोस.

आणखी एक. तू लिहिलंस की त्या सगळ्या वर्षांत घरात एकदाही कुणी 'दुखतं का गं' असं विचारलं नाही. आईचं तुला ठाऊक आहे, तिला कामाशी मतलब. मी विचारलं असेन. आठवत नाही.

तुझा दादा

२५ जानेवारी

बारके,

तुझं उत्तर काल आलं. 'आधी नाटकं म्हणालास, आता घाई नको म्हणतोस. तरी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, लहानपणापासून असतं तर जुन्या फोटोत दिसलं असतं. विषय संपला.'

विषय संपलेला नाही. मी तुला पाठवलेला एक्स-रे तुझा नाही.

लिहिलं एकदाचं. आता पुढचंही लिहितो, मध्ये थांबलो तर पुन्हा शेपूट घालीन.

तू एकोणीसची होतीस. बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला मुली घ्यायच्या होत्या, त्यांच्या छातीचे एक्स-रे आमच्याकडे होते. शेवटचा दिवस. या दवाखान्यात लागून मला वर्ष झालं नव्हतं. त्या आठवड्यात डार्करूमच्या दाराच्या फटीतून उजेड शिरायचा आणि फिल्म फॉग व्हायच्या, म्हणजे त्यांच्यावर धुरकट डाग पडायचा. त्या वाया. दोनदा मला सगळ्यांसमोर झापलं होतं. तुझी फिल्म धुऊन वर काढली तर उजव्या फासळीवर धूर. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आपल्याच बहिणीची फिल्म जाळली. तुला परत आत बोलावलं, फिल्मची कॅसेट बदलली, दार चादर लावून बंद केलं, पुन्हा काढला.

धूर तिथेच होता. त्याच फासळीवर, तेवढाच, आणि फासळी जिथे मणक्याला मिळते तिथपर्यंत गेलेला. फॉग दोनदा एकाच हाडावर बसत नाही. हे मला कळलं, बारके. कळलं नाही असं मी पुढे स्वतःलाच किती वेळा सांगितलं, त्याची गणती नाही.

मी घाबरलो. वाचणारे डॉक्टर 'पुन्हा तपासणी' असा शिक्का मारणार, तुझी जागा जाणार, आणि तू तर नव्या चपला घालून बाहेर बाकावर बसली होतीस. म्हटलं, आज निभावून नेऊ, मग गुपचूप मोठ्या डॉक्टरांना दाखवू. तुझ्यामागची मुलगी आत आली. तिचा एक्स-रे काढला आणि तिला म्हणालो, तू हललीस, परत काढावा लागेल. दुसऱ्या वेळी कॅसेटवर तिच्या नंबराऐवजी शिशाचे तुझे आकडे चिकटवले, ४१७. एका मुलीची छाती दोन नंबरांनी गेली. दोन्ही निर्दोष ठरल्या.

खोटं वाटत असेल तर तुझ्याकडची फिल्म खिडकीशी धर. गळ्याच्या डाव्या हाडावर ते कधीतरी मोडून सांधल्याची गाठ दिसेल. तुझं गळ्याचं हाड कधी मोडलं नव्हतं. मला वाटलं होतं तुझे डॉक्टर तेवढं तरी विचारतील. कुणी विचारलं नाही.

वर्षभरानं मी तुझा खरा एक्स-रे एका मोठ्या डॉक्टरांना दाखवला, ओळखीच्या एका पेशंटचा म्हणून. ते म्हणाले, हा फायब्रस डिस्प्लेसिया दिसतो, त्रास नसेल तर छेडू नका, पाठ दुखायला लागली तर मात्र मणका नीट बघा. नाव मला तेव्हापासून माहीत आहे. तुला नव्हतं, मला होतं.

तुझी पाठ दुखायला लागली. दहा वर्षं तू खोकी उचललीस आणि पाठ धरून घरी आलीस. कारखान्याच्या डॉक्टरांनी जुना रेकॉर्ड काढला, तो निर्दोष. त्यांनी बसायचं काम दिलं नाही. आई म्हणाली ढोंग. तू माझ्याकडे आलीस. त्या दिवशी तुझ्या अंगावर राखाडी स्वेटर होता. म्हणालीस, 'दादा, पाठीचा एकच फोटो काढ, म्हणजे आईला दाखवता येईल.' मी काढला असता तर डाग दिसला असता, आणि आधीचा निर्दोष कसा, हे कुणीतरी विचारलं असतं. मी म्हणालो, उगाच किरणं घ्यायची नसतात, फोटोत काही नाही, नाटकं बंद कर. तू त्याच आठवड्यात गेलीस.

रागात म्हणालो असं आजवर सांगत आलो. मला राग नव्हता आला. भीती वाटली होती, माझ्या नोकरीची.

आता नीट वाच. तुझ्या दोन्ही खऱ्या फिल्म मी टाकल्या नाहीत. घरातच आहेत, सपाट ठेवलेल्या, खराब झालेल्या नाहीत. डाग बावीस वर्षांचा आहे. कॅन्सर बावीस वर्षं एका फासळीवर असा गुमान बसत नाही. आणि रेडिएशन या आजारात देत नाहीत, क्वचित त्यानंच हे हाड बिघडून खरा कॅन्सर होतो. दोन तारखेला टेबलावर झोपू नकोस. हवं तर मला जन्मभर शिव्या दे, पण झोपू नकोस.

पोस्टावर माझा भरवसा नाही. फिल्म आणि हे पत्र घेऊन मी स्वतः येतोय. हॉस्पिटलात देईन, तुझ्या दाराशी येणार नाही.

दादा

३१ जानेवारी

बारके,

तुझ्या शेजारच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली, रेडिएशन थांबवलंय म्हणून. ती चिठ्ठी खिशात ठेवून मी फिरतोय.

मी हॉस्पिटलात आलो त्या दिवशी काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. एक्स-रेच्या खिडकीवर माझ्याच धंद्यातली एक मुलगी होती, तिशीची असेल. तिला म्हटलं, पेशंटचा जुना फोटो आणलाय, आधी दिलेला चुकीचा आहे. ती म्हणाली, चुकीचा कसा, नंबर तर तोच आहे. मी सांगितलं. तिचा हात पाकिटावर तसाच राहिला. मग उठून मला सरळ तुझ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दार उघडताना माझ्याकडे बघायचं टाळत होती.

डॉक्टरांनी तिन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. बराच वेळ बघत होते. मग गळ्याच्या हाडाची गाठ त्यांनाही दिसली, आणि स्वतःवरच चिडले. मला विचारलं, 'तुम्ही पेशंटचे कोण?' मी म्हणालो, फोटो काढणारा. त्यांनी सगळं लिहून मागितलं. तिथेच बसून लिहिलं, सही केली.

बाहेर पडताना तू कॉरिडॉरमध्ये दिसलीस. पाठमोरी, कमरेपासून वरपर्यंत पट्टा बांधलेला, हातात नळाखाली धुतलेला ग्लास. डावा खांदा अजूनही उजव्यापेक्षा वर. चालताना भिंतीला बोटं लावून चालत होतीस. मी खांबामागे उभा राहिलो, साठीला आलेला माणूस. तू वळली असतीस तर काय केलं असतं, कुणास ठाऊक.

इकडे आलो आणि आमच्या साहेबांनाही लिहून दिलं. मेपर्यंत थांबायची गरज उरली नाही, मला घरी बसवलंय. आईला सांगितलं, सुट्टी शिल्लक होती.

जाड सुईचा रिपोर्ट कळव. एका शब्दात कळवलास तरी चालेल.

दादा

१८ मार्च

बारके,

गेल्या महिन्यात रिपोर्टची प्रत तू पाठवलीस, त्याबरोबर अक्षरही नाही. मी चष्मा पुसून चारदा वाचला. 'तंतुमय ऊती, त्यात कच्च्या हाडाचे वाकडेतिकडे तुकडे. कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत. फायब्रस डिस्प्लेसिया.' मी स्वयंपाकघरात उभा होतो. खाली बसलो आणि रडलो, लाज सोडून. आई बाहेरून विचारत होती, काय सांडलं रे.

ऑपरेशनचं कालच्या पत्रातून कळलं. मणका आतून पोकळ होऊन खचायला लागला होता, नस दाबली जात होती, म्हणून पाय बधिर व्हायचे. मऊ भाग खरवडून काढला, वर-खालच्या मणक्यांना स्क्रू आणि सळ्यांचा आधार दिला. आता हाडं बळकट करायची सलाईन दर काही महिन्यांनी, आणि फासळीवर नुसती नजर ठेवायची. पायाची बोटं हलतात, लिहिलंस. आणि डॉक्टर म्हणाले, दहा वर्षांपूर्वी लक्ष दिलं असतं तर नुसत्या सलाईनवर आणि पट्ट्यावर भागलं असतं कदाचित. तेही लिहिलंस. ते लिहायलाच हवं होतं.

तू दोन गोष्टी विचारल्यास.

पहिली, ती दुसरी मुलगी कोण होती. मला नाव माहीत नाही. नंबर ४१८, हिरवी ओढणी, एवढंच आठवतं. हललीस म्हटल्यावर ती म्हणाली, नाही हो, मी श्वाससुद्धा घेतला नाही. मी म्हणालो, मशीन खोटं बोलत नाही. त्यावर ती मला सॉरी म्हणाली आणि पुन्हा उभी राहिली. कारण नसताना तिनं दुसऱ्यांदा किरणं घेतली. एवढ्यानं तिला काही होणार नाही, पण त्यात तिचा काय दोष होता. तू विचारेपर्यंत तिचा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता. तू अंथरुणात पडल्या पडल्या तिची चौकशी केलीस.

दुसरी, आईला सांगितलंस का. नाही. तू लिहितेस, 'माफीचं नंतर बघू. आधी आईला सांग, तुझ्या तोंडानं. ती मला ढोंगी समजून मरायला नको.' रोज सकाळी ठरवतो. रोज ती काहीतरी बोलून हसवते आणि माझं राहून जातं. डॉक्टरांपुढे बोललो, साहेबांपुढे बोललो, आणि एका म्हातारीपुढे जीभ टाळ्याला चिकटते.

दादा

३० मार्च

बारके,

हे पत्र आईच्या आधी तुला मिळायला हवं, कुरियरनं धाडतोय.

परवा दुपारी सांगितलं. ती खिडकीशी होती. एक खरी फिल्म हॉस्पिटलात आहे, दुसरी त्यांनी मला परत दिली होती, ती मी तिच्यासमोर काचेवर धरली. बाहेर ऊन होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. ती म्हणाली, कुणाचं हे? मी म्हणालो, बारकीचं, कामाला लागली तेव्हाचं. डाग दाखवला. मग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं, चादरीपासून राखाडी स्वेटरपर्यंत. मध्ये ती एकदाही बोलली नाही. तू तिला ओळखतेस, ती मध्ये बोलत नाही असं होत नाही.

मग तिनं काचेवर बोट ठेवलं, बरोबर त्या फासळीवर. म्हणाली, 'ती पाठ धरून बसायची तेव्हा मी तिच्याकडून पलंग सरकवून घेतला. दर आठवड्याला.'

मग तिनं विचारलं, 'आणि हे इतकी वर्षं होतं कुठे?'

फिल्म मोठी असते, बारके. दुमडता येत नाही, सपाट ठेवावी लागते, वर वजन लागतं. घरात तशी एकच जागा होती. तिथलं अंथरूण वर्षातून एकदा उन्हात जातं, तेही मीच उचलून नेतो.

मी म्हणालो, 'तुझ्या गादीखाली.'

ती उठली. गुडघ्यांचं काही न म्हणता उठली, आणि पलंगाची गादी दोन्ही हातांनी ओढून जमिनीवर पाडली. खालच्या फळीकडे बघत उभी राहिली. तिथे आता काही नव्हतं. तेव्हापासून ती पलंगावर झोपलेली नाही. खुर्चीत बसून डोळे मिटते. माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा दिला तर घेते, माझ्याकडे बघत नाही.

काल सकाळी तिनं पिशवी भरायला घेतली. मी म्हणालो, पोचवायला येतो. म्हणाली, नको. आमच्या शेजारच्या नर्सबाई तुझ्या बाजूला जाणार आहेत, त्यांच्याबरोबर ती येईल. फिल्म तिनं मागून घेतली. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून तिनं स्वतः दोरीनं बांधली, मला हात लावू दिला नाही.

पिशवी भरून झाल्यावर मला कागद घेऊन समोर बसवलं आणि म्हणाली, माझ्याकडून लिही. मी पेन घेऊन बसलो. तिनं पुठ्ठ्यांवरची गाठ पुन्हा एकदा तपासली. मग म्हणाली, एवढंच लिही. तिच्या शब्दांत लिहितो, माझं एक अक्षर न घालता:

'दुखतं का गं?'

गाडी तीन तारखेला दुपारी चारला पोचेल. उतरायची पायरी उंच असते आणि ती हात धरू देणार नाही, तरी तू पुढे होऊ नकोस. तुला वजन घ्यायचं नाहीये. नर्सबाईंना पुढे होऊ दे.

दादा